आईसाठी तारेचा फोन

४ जुलै, शुक्रवार

आज सकाळी सात वाजता मोबाईल वाजला आणि मी तो विहिरीच्या कठड्यावर पालथा घातला. वाजू दिला. पडद्यावर 'प्रमोदकाका' — हे नाव माझ्या मुलीने, गौरवीने घातलेले. मी माझ्या भावाचे नाव माझ्या फोनमध्ये घातले नसते.

घरात रेंज नाही, डोंगर आड येतो. मिळते ती विहिरीपाशी. प्रमोद रोज सातला वास्कोहून आईला फोन करतो. मी आईला दंडाला धरून विहिरीपर्यंत नेतो, हिरवे बटण दाबतो आणि तोंडातून शब्द न काढता मोबाईल तिच्या हातात देतो. तिला त्यावर धड ऐकू येत नाही. "काय म्हणतो तो?" असे मलाच विचारते. म्हणजे त्याचे बोलणे मी माझ्या तोंडाने सांगायचे. आज नको वाटले.

आईने सोप्यावर बसून सगळे पाहिले होते. म्हणाली, "तुझा भांडान तुझ्याकडे ठेव. माझो फोन माका दी."

दुपारपर्यंत पेज घेतली नाही.

५ जुलै

घरात तारेचा फोन घ्यायचा. ठरले. तो आईशी थेट बोलेल, मला मध्ये राहायला नको. सत्यवतीला सांगितले तर म्हणाली, "आईसाठी घेता की स्वतःसाठी?" बायको सरळ उत्तर देत नाही, प्रश्न विचारते.

दोघांसाठी. लिहायला लाज कसली?

मूळ घरचा गणपती एकच असतो. भाऊ कुठेही नोकरी करोत, चवथीला मूळ घरी येतात. प्रमोदने सहा वर्षांमागे वास्कोच्या फ्लॅटमध्ये वेगळा गणपती पुजला. मला विचारले नाही, सांगितले नाही. बाहेरच्या माणसाकडून कळले. आजोबांपासून चालत आलेला पाट, त्यावरचा देव त्याने दोन केला. त्या दिवसापासून माझे त्याच्याशी बोलणे संपले. देवासमोर बसतो तेव्हा सगळ्यांचे भले माग असे मनाला सांगतो. त्याच्या नावापाशी जीभ थांबते.

११ जुलै, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. दोन दुकाने फिरलो. पहिला दुकानदार हसला — "हे आता कोण घेतो, पात्रांव?" दुसऱ्याने माळ्यावरून एक खोका काढला, धूळ झटकली. पांढरा, नाजूक, दिसायला बरा. घेतला. घाई झाली.

१६ जुलै

काल लाईनवाला आला. जनेलाजवळ, खिडकीच्या गजांपाशी, डबा बसवला, त्यातून तार. वीज गेली की डबा बंद, म्हणून त्याला बॅटरी जोडून घेतली. नवा नंबर गौरवीने वास्कोला कळवला होता. आज सकाळी सात वाजता घंटा वाजली. आई उचलून बोलली. मी देवखोलीतून बाहेरसुद्धा आलो नाही. किती हलके वाटले!

२१ जुलै

शेजारचा बाबली छत्री घेऊन धावत आला. "आई बरी असा मा? प्रमोद रडकुंडीक इलो." कालपासून आमचा फोन एंगेज लागत होता म्हणे. मोबाईल मी उचलत नाही, म्हणून त्याने बाबलीला लावला.

पाहिले तर रिसीव्हर आडवा. वजनच नाही त्याला! आईने ठेवला, गुंडाळीच्या वायरने मागे ओढला, खालची खटकी दबलीच नाही. आईच्या हातांना आता नेम नाही, आणि या खेळण्याला भार नाही.

एवढ्यावर थांबले असते. पण बाबलीला पोटात काही राहत नाही. प्रमोद त्याला म्हणाला होता, "दादाने मुद्दाम काढून ठेवला असणार."

मुद्दाम! मी! मोबाईल मुद्दाम उचलत नाही हे खरे. पण आईच्या फोनवर मी असे करीन? एवढा नीच समजतो मला? दिवसभर डोके तापलेले. जप तीनदा चुकला.

२५ जुलै, शुक्रवार

पुन्हा म्हापसा. या वेळी प्रमोदच्या तोंडावर मारता येईल असा फोन घ्यायचा, ज्याच्यात खोट निघणार नाही.

दुकानदाराकडून सहा फोन खाली काढून घेतले. प्रत्येकाचा रिसीव्हर हातावर तोलला. मुद्दाम तिरका ठेवून पाहिला, खटकी दबते का. वायर ताणून सोडली, परत नीट गुंडाळते का. बुडाला रबर आहे का, ओढला तर सगळा फोन टेबलावरून घसरतो का. आकडे आईला चष्म्याशिवाय दिसतील एवढे हवेत. घंटा कानाशी वाजवून घेतली. दुकानदार म्हणाला, "पात्रांव, फोन घेतात की नारळ?" बाकीची गिऱ्हाइके हसली. हसू देत. पहिल्या वेळी मीही नारळासारखा पारखला असता तर बाबलीचे ऐकावे लागले नसते.

काळा घेतला. जड. तिरका टाकला तरी आपोआप जागेवर बसतो. रिसीव्हरमधला आवाज वाढवायला बाजूला चाक आहे. मी ते शेवटपर्यंत फिरवून आणले. आई आता म्हणणार नाही की ऐकू आले नाही.

२६ जुलै

आईला प्रत्येक शब्द ऐकू आला.

मलाही. देवखोलीत, घंटी वाजवत असताना. चाक थोडे मागे केले तर आईला ऐकू येत नाही. पुन्हा पुढे केले. म्हणजे ज्याचा आवाज नको म्हणून एवढी दगदग केली, तो आता रोज सातला माझ्या घरभर!

५ ऑगस्ट

दहा दिवस ऐकतो आहे. औषध, पाऊस, बंदरावरची कामे, वास्कोचा पाव इकडच्यासारखा नाही. आवाज बाबांसारखा झाला आहे त्याचा. चीड येते.

१२ ऑगस्ट

आज जे ऐकले ते तसेच्या तसे लिहून ठेवतो.

आई म्हणाली, यंदा चवथीला ये. तो म्हणाला, "मी येईन गो. रंजना येणार नाही. दादाने तिला माटोळीला हात लावू दिला नाही, ते तिच्या मनातून जात नाही."

आई म्हणाली, "तेका आठवण पण नाय रे."

आठवण नव्हती. आता आली. सात वर्षे झाली. त्या वर्षी आषाढात प्रमोदच्या बायकोचे, रंजनाचे, पोटातले मूल पाचव्या महिन्यात गेले होते. चवथीच्या आदल्या दिवशी सगळे मिळून गणपतीवरची माटोळी बांधत होतो — फळे, सुपाऱ्या, रानातले घड. तिने कांगलांच्या रानफळांचा घोस उचलला. मी सर्वांसमक्ष म्हटले, "तू लांब राहा. तू बांधू नको." तिने घोस खाली ठेवला आणि आत गेली. पुढच्या वर्षी त्यांचा गणपती वेगळा.

पण हे त्याने मला का सांगितले नाही? तोंड होते ना? वर्षभर गप्प राहून देव वेगळा करायचा? माझे काही चुकले असेल तरी त्याचे जास्त चुकले.

१३ ऑगस्ट

सत्यवतीला विचारले. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी तेव्हाच सांगितले होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बायकांनी शास्त्र शिकवू नये."

१७ ऑगस्ट

भटजींकडे गेलो. दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखे विचारले. म्हणाले, "सुतकाचे दिवस केव्हाच संपले होते. तिला हात लावायला काहीच आड नव्हते. कुणी सांगितले?"

म्हटले, कुणी नाही. आमच्या गावात एकाला तसे वाटले.

भटजी माझ्याकडे पाहत राहिले. चहा घ्या म्हणाले. घेतला नाही.

१९ ऑगस्ट

सात वाजले, घंटा वाजली, आई न्हाणीत होती. फोनपाशी मी एकटा. चौदा वेळा वाजून थांबला. हात पुढे गेला नाही. त्याने बाबलीला जे सांगितले ते अजून पोटात आहे.

पण रंजनाने मला काय केले होते?

२३ ऑगस्ट, शनिवार

रंजनाचा नंबर गौरवीकडून लिहून घेतला. दहा वाजता, प्रमोद कामावर असेल अशा बेताने, आईच्या फोनवरून लावला. तिने उचलला.

म्हटले, निवृत्ती बोलतो. तुझ्या नवऱ्याशी मी बोलणार नाही. पण तुला मी जे बोललो ते शास्त्र नव्हते, माझी चूक होती. यंदा माटोळी तू बांधायची. तू येईपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही.

मग म्हणाली, "भावोजी, ह्यांची आज रजा आहे. इथेच बसलेत, ऐकतात."

ऐकू दे, म्हटले. आणि तेच पुन्हा एकदा मोठ्याने सांगितले.