आनंदीच्या पाठवणीचा कौल

॥ श्री ॥
मालवण, ता. १ डिसेंबर १९५९

चि. सुनीतीस,
कावेरीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू नर्स आहेस त्याच इस्पितळात आमची आनंदी आहे, एवढी देवाची कृपा. काल जावई दत्ताराम येऊन गेले. कुणकेश्वरला विहिरीवर तिचा पाय घसरला नि धुण्याच्या दगडावर डोळा आदळला, म्हणाले. तुझ्या दादांनी नि मी देवळात पाषाणाला पाकळ्या लावून, उजवी पडते की डावी ते बघून कौल घेतला. देवाने १४ तारखेचा सोमवार दिला. त्या दिवशी जावई तिला सासरी नेतील. तोवर तू लक्ष ठेव. नाहीतर चष्मा शोधण्यातच तुझा दिवस जायचा. लोणचं पाठवलंय. बरणी परत हवी.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी वहिनी

सावंतवाडी, ता. ४ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा नाकावरच आहे, त्यातून दिसलं ते लिहिते. आनंदीच्या डाव्या डोळ्याखालचं हाड मोडलंय. वर बघितलं की तिला एकाचे दोन दिसतात. डोळ्याच्या खोबणीला मार लागलेले आमच्याकडे नेहमी येतात. माडावरून पडलेल्याचे हातपायही मोडलेले असतात. घसरलेला माणूस आधी हात टेकतो, तळवे सोलवटतात. आनंदीचे तळवे साफ आहेत. नुसतं एवढंच हाड मोडून येतात त्या बहुतेक बायका, आणि सगळ्या विहिरीवरच घसरलेल्या! बहुतेकींचा डावाच डोळा, कारण मारणाऱ्याचा हात उजवा. डॉक्टरही तेच म्हणाले. दंडावर जुने वळ आहेत. मी आनंदीला सरळ विचारलं. म्हणाली, होय, त्यांनीच मारलं. पण आईने कौल घेतलाय, आता बोलून काय उपयोग?

वहिनी, तिला पाठवू नका. रागावलात तरी माया कमी करू नका.
आपली सुनीती

॥ श्री ॥
मालवण, ता. ८ डिसेंबर

चि. सुनीतीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन गुरवाकडे गेले. आम्ही देवाला सोमवार की गुरुवार, एवढंच विचारलं होतं. पाठवू का, हे कुणी विचारलंच नाही. गुरव म्हणाला, देव इचारलेल्याचोच जबाब देता. परत कौल लावया. मी नको म्हटलं. पोरीचा डोळा फुटायची वेळ आली, यात देवाला काय विचारायचं? दादा आधी लोकांना भ्यायले, मग बॅग काढून बसले.

देवाने सोमवार दिलाय तो मोडायचा नाही. सोमवारी पहिल्या गाडीने आम्ही येतो नि तिला नेतो, मालवणला. जावई आधी पोचले तर डॉक्टरांना सांगून तिला थांबवून ठेव. आनंदीला म्हणावं, माजघर सारवलंय.

बरणी पाठवू नकोस, मीच नेईन.
तुझी वहिनी