तिसरी वार अजून बाकी

१३ जानेवारी, मंगळवार
भोगी. ह्यांच्या वाटची भाजी वेगळी, किडनीच्या पथ्याची. वांगं, गाजर, घेवडा दोनदा उकळून पाणी ओतून दिलं, मग फोडणी. डबा उघडून म्हणाले, "ही भाजी माझ्यापेक्षा आजारी हाय." संपवली मात्र.

पहाटेची एसटी, नाशिक, डायलिसिस, परत एसटी. मंगळ-गुरु-शनि हेच. स्टँडवरून घरी येताना आपला चांदवडचा सरकारी दवाखाना लागतो. डायलिसिसची मशीनं आत कधीची येऊन बसलीत, प्लास्टिकच्या कव्हरात. खिडकीतून दिसतात. चालवायला माणूस नाही, पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवलेली नाही. विचारलं की एकच उत्तर. पद मंजूर नाही, तरतूद नाही. घरापासून चालत जाण्यासारखा दवाखाना, आणि आम्ही आठवड्यातून तीनदा नाशिक गाठतोय.

हे त्या खिडकीकडे बघत नाहीत. मी न चुकता बघते.

१५ जाने., गुरु.
पल्लवी वॉर्डात तिळगूळ घेऊन आली. गोड बोला म्हणाली आणि लगेच कडू विषय काढला. "आई, किती दिवस ही ये-जा? पंचवटीत आमच्या खालच्या मजल्यावर खोली रिकामी होतेय. एप्रिलपासून या राहायला. बाबांना गाडीचे धक्के तरी बसणार नाहीत."

लेकीचं चूक नाही. परवा उतरताना हे पायरीवरच बसले होते. पण उभा जन्म बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारलेला माणूस. एका ट्रॅक्टरपाशी बोलले तर चौथ्या ट्रॅक्टरवरचा मान वर करायचा. आजारपणापासून बाजारात पाऊल टाकलेलं नाही, "बरा झालो की जाईन" एवढंच. चांदवड सोडलं की ते 'जाईन' संपलं.

माझं शिलाई मशीन टेम्पोत जाईल. ब्लाउजची गिऱ्हाइकं कशी नेऊ? पण ते नंतर. आधी ह्यांचं.
ह्यांनी तिळगूळ मलाच दिला, त्यांना तीळ नको म्हणून.

१७ जाने., शनि.
शेजारच्या बेडवर भाऊसाहेब असतात. आमच्याच तालुक्यातले, माजी सरपंच. सुई टोचलेली असली तरी पेपर सोडत नाहीत. आज मोठ्यानं वाचून दाखवलं. राज्याच्या अर्थसंकल्पाआधी लोकांचं म्हणणं ऐकायला मुंबईहून बाई अधिकारी नाशिकला येणार. कुणीही नाव नोंदवावं. प्रत्येक गटाला तीन मिनिटं.

"आपण गट हाय का?" हे म्हणाले.
"मग काय वरात हाय?" भाऊसाहेब.
पलीकडच्या बेडवरच्या रुक्सानानं तिथल्या तिथे फोनवर नाव नोंदवलं. मनमाडकडची पोर, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात हे दुखणं. गटाचं नाव विचारलं होतं, तिनं लिहिलं: मंगळ-गुरु-शनि.

२२ जाने., गुरु.
रुक्सानानं एक पान लिहून आणलं. नेमकं लिहिते. बोलणार भाऊसाहेब, भाषणाची सवय त्यांनाच.

मग शालीचा विषय. भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, साहेबापुढं मोकळ्या हातानं जायचं नसतं. शाल, श्रीफळ आणि एक गुच्छ. आपली पद्धत हाय." रुक्साना म्हणाली, "भाऊ, तीनच मिनट हाय." तिला गप्प केलं. त्यात मीही होते. शालीचा रंगही मीच निवडला, चॉकलेटी, खाली बारीक जर.

१ फेब्रु., रवि.
आमच्या ओटीवर तालीम. भाऊसाहेबांनी पान वाचलं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. वेळेत बसलं. सगळे खूश. शाल घालायची तालीम करावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

२ फेब्रु., सोम.
सगळं नीट लिहायचं आहे.

सोमवार म्हणजे ह्यांचा सगळ्यात जड दिवस. शनिवारनंतर मंगळवारपर्यंत अंगात पाणी साठतं, चार पावलांत दम लागतो. म्हटलं घरी थांबा. "गट हाय ना," म्हणाले आणि चप्पल घातली.

हॉल भरलेला. रस्तेवाले, शाळावाले, सुरगाण्याकडून अंगणवाडीच्या बाया. आमचा नंबर आला. भाऊसाहेब उठले, पान खिशातच. सुरुवात केली, "व्यासपीठावर उपस्थित..." आणि एकेकाला सन्माननीय करत सुटले. दाराशी उभ्या असलेल्या शिपायापर्यंत पोचले. मग शाल. बाई खुर्चीतून उठायला तयार नाहीत, "नको, नको" म्हणतायत, भाऊसाहेब टेबलाला वळसा घालून मागून जातायत. मग श्रीफळ. मग गुच्छ. मग "जरा फोटो." ह्या फोटोत घंटा वाजली.

"तुमची वेळ संपली. पुढचा गट," माईकवरचा माणूस म्हणाला. बाईंनी शाल घडी करून परत दिली, नारळही. घेता येत नाही म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता त्यांचा, पण नियम तो नियम.

भाऊसाहेबांचं तोंड उतरलं. पान अजून खिशात. मला रडू यायला लागलं, रागानं. इतक्या दिवसांची तयारी आम्ही शालीत गुंडाळून घालवली होती.

तेवढ्यात माझ्या बाजूला खुर्ची करकरली. हे उभे राहिले. माईक मागितला नाही. कितीतरी दिवसांत मी तो आवाज ऐकला नव्हता. लिलावाचा आवाज. एका दमात, मध्ये कुणाला शब्द घालायला फट नाही:

"मॅडम, चांदवड, डायलिसिस, मशीन आलीयेत, कव्हरात हायेत, माणूस नाय, पाण्याची सोय नाय, म्हणून आमी आठवड्यातनं तीनदा नाशिकला, ही पोर मनमाडकडून, भाऊसाहेब शेतातून, नवीन बिल्डिंग मागत नाय, नवीन मशीन मागत नाय, घेतलंय ते चालू करा, माणसाची जागा भरा, पाण्याची तरतूद करा, एवढंच लिवा—"

इथे दम संपला. खुर्चीची पाठ धरली. बाई लिहीत होत्या, खरोखर लिहीत होत्या. ह्यांनी श्वास घेतला आणि बाजारात सौदा पक्का करताना शेवटच्या भावाला म्हणतात तसं म्हणाले, "चांदवडची मशीनं चालू. एक वार. दोन वार." आणि थांबले.

बाईंनी मान वर केली. "आणि तिसरी?"
"तिसरी तुमी म्हणायची, मॅडम."

आधी सुरगाण्याच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. माईकवाल्यानं घंटा वाजवली नाही.

मला ह्यांचा अभिमान वाटला. तोंडावर सांगितलं नाही, सवय नाही आमच्यात. म्हणून इथे लिहिते. फार अभिमान वाटला. रिक्षात बसवलं तेव्हा हे हसत होते.

३ फेब्रु., मंगळ.
वॉर्डात भाऊसाहेब भिंतीकडे तोंड करून. हे म्हणाले, "सरपंच, तुमी इतका वेळ खाल्ला नसता तर मी उठलोच नसतो. पान वाचून घरी आलो असतो." मग भाऊसाहेब वळले.

शालीचं काय करायचं? डायलिसिस चालू असताना अंगात थंडी भरते सगळ्यांच्याच. रुक्सानाचे दात वाजत होते, तिच्या अंगावर टाकली. म्हणाली, "काकू, सत्कार झाला माझा." आता ती शाल वॉर्डाची. ज्याला थंडी जास्त, त्याचा सत्कार.

नारळाची मात्र पंचाईत. आमच्यातल्या कुणालाच नारळ चालत नाही, डॉक्टरांची सक्त मनाई. ज्यांना चालतो त्या बाईंना नियम आडवा. शेवटी ठरलं, चांदवडची मशीनं सुरू होतील त्या दिवशी फोडायचा. तोवर माझ्या ताब्यात. शेंडी काढली नाही, म्हणजे टिकेल. फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी.

११ फेब्रु., बुध.
हॉलमध्ये कुणीतरी फोनवर टिपलं होतं. चांदवडभर फिरतंय. दळणाला गेले तर गिरणीवाला म्हणाला, "मावशी, दोन वार झाल्या म्हणं." ब्लाउज न्यायला आलेल्या बाईनं ह्यांना बघायला म्हणून आत डोकावलं. नवरदेव केलाय माणसाचा.

आज बाजारातले दोन व्यापारी घरी. "दादा, पहिला ट्रॅक्टर तुमी पुकारा. एकच. खुर्ची ठेवतो." मी आतून नको म्हणायच्या तयारीत. बाहेर आले तर हे पायात चपला घालून उभे.

एकच पुकारला. खुर्चीवर बसले नाहीत. मी लांब, चहाच्या टपरीपाशी. चौथ्या ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्यानं मान वर केली, हे मी डोळ्यांनी बघितलं.
आल्यावर झोपले ते संध्याकाळपर्यंत. चेहरा कित्येक दिवसांनी जागेवर.

२६ फेब्रु., गुरु.
पल्लवी. खोली दुसरे कुणीतरी मागतायत, मालकाला पाडव्यापर्यंत हो-नाही सांगायचं. "बाबा, टाळ्या वाजवल्या म्हणून मशीन चालू होत नाही." खरं बोलते, म्हणून जास्त लागतं.
हे: "पाडवा लांब हाय."
लांब कुठला.

६ मार्च, शुक्र.
आज अर्थसंकल्प. काम बाजूला ठेवून टीव्हीपुढे. हे, मी, भाऊसाहेब खास आले. आरोग्य आलं. ग्रामीण भागातल्या उपचारांच्या सोयी, रिक्त जागा, असं काही. कुठल्या तालुक्याला काय ते नाही. चांदवडचं नाव नाही. भाषणात येतही नसतं म्हणे एवढ्या लहान गोष्टीचं.

भाऊसाहेब म्हणाले, "संपलं?"
हे म्हणाले, "बोली चालू असताना उठायचं नसतं."
रुक्सानाचा फोन. तपशिलाचे कागद नंतर येतात, ती बघणार आहे. आणि पुढच्या आठवड्यात आपण परत जायचं, जिल्ह्याच्या ऑफिसात. शाल न घेता.

१३ मार्च, शुक्र.
गेलो. ह्या वेळी मी बोलले. नमस्कार केला आणि सरळ मुद्दा. तिथल्या साहेबांनी व्हिडिओ बघितलेला. "वर पाठवलंय, बघू," म्हणाले. 'बघू' ह्या शब्दाचं काय करायचं ते कळत नाही. पण खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं. उतरताना हे म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं बोललीस." जिना संपेपर्यंत मला पायऱ्या दिसल्या नाहीत.

१९ मार्च, गुरु., पाडवा
गुढी घाईत उभारली, पहाटेची एसटी होती. पूजेला नारळ हवा, फडताळातला दिसत होता. हात लावला नाही, कोपऱ्यावरून दुसरा आणला.

पल्लवी वॉर्डात आली. ह्यांनी तिला जवळ बसवलं. म्हणाले, "खोली दुसऱ्याला देऊ दे, बाळ. मी चांदवडलाच राहतो. जमेल तवर येईन-जाईन. मीच एप्रिलात निघून आलो तर तिथं तिसरी वार ऐकायला कोण थांबणार?" पल्लवी रडली. मीही. रुक्साना शाल ओढून झोपल्याचं सोंग करत होती.

परत येताना दवाखान्यापुढे थांबलो. आज हे स्वतःहून खिडकीपाशी गेले. मशीनं कव्हरातच. पण खोलीच्या भिंतीवर खडूनं खुणा केलेल्या, नळाच्या उंचीच्या. वॉचमनला विचारलं. "काल दोघं जण मापं घेऊन गेले. कशाची ते नाय सांगितलं. रंगकामाची पण असतील."

घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी फडताळ उघडलं. नारळ कानाशी धरून हलवला.

"वाजतंय का?" हे बाहेरून.

वाजतंय.