तुम्ही पुढं सरकवलेलं स्टूल

मोठ्या सिस्टर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट मला उलगडत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आपल्या छोट्या दवाखान्याची पाटी नवी, नळ मात्र कोरडे. त्या दुष्काळात वॉर्डात रेणापूरची एक बाई होती. तिच्या गर्भपिशवीच्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टर तिच्या नवऱ्याला व्हरांड्यात सांगून मोकळे झाले. ती खाटेवर एकटीच. मी तेव्हा नवखी नर्स; मला तिची दया आली आणि मी जाता जाता दारातूनच म्हणाले, "कॅन्सर आहे, पण घाबरू नका." तुम्ही मला औषधांच्या खोलीत नेऊन असं झापलंत की मी रडले. "उभ्यानं सांगतात का गं? उभं माणूस निघायच्या घाईत असतंय. स्टूल घे, बस. आधी तिला इचार, तुला काय वाटतंय म्हणून. किती ऐकायचं ते तिलाच ठरवू दे." मग तुम्ही तिच्याजवळ बसलात. रांजणाच्या तळाचं पाणी तिला दिलंत आणि "तुला काय वाटतंय गं?" एवढंच विचारलंत. मला वाटलं, तुम्ही समजूत घालाल. शेवटी तीच म्हणाली, "ही पोरगी म्हणली त्योच रोग हाय का?" तुम्ही "व्हय" म्हणालात आणि तिचा हात धरून ठेवलात.

त्यानंतर मी कितीतरी जणींना बसून सांगितलं. मग तुमचाच रिपोर्ट आला. आतड्याचा कॅन्सर. तुमच्या लेकानं माझे हात धरले. "मावशी, आईला कळू देऊ नका. लई खचंल ती." मी हो म्हणाले. का म्हणाले, खरंच सांगता येत नाही. तुमच्या खाटेपाशी आले, तर तुम्ही पायानं स्टूल पुढं सरकवलंत.

"कागदात काय हाय गं?"

"आतड्याला सूज आहे," मी म्हणाले. उभ्यानंच.

तुम्ही स्टुलाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "बरं. जा, तुझे पेशंट बघ." तुम्ही रागावलात, की मला सोडवलंत? आणि किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवू न देणारी मी कोण? कधी वाटतं लेकाचं बरोबर होतं, कधी स्वतःची चीड येते.

आता नर्सिंगच्या मुलींना मी तुमचंच शिकवते. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी उभ्यानं सांगितलंय?" मी रेणापूरच्या बाईचं सांगितलं. तुमचं नाही सांगितलं.