अडतीस पालथ्या वाट्या

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. त्यातला थोडा जास्तीचा तुमच्या उजव्या पायाला, कारण एका किकमध्ये मोटरसायकल सुरू करणारा आपल्या सगळ्या घराण्यात तेवढाच पाय आहे. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता ना? (करत नसणार, हे ठाऊक आहे. रीत म्हणून विचारलं.) इकडे सगळे खुशाल. आईही खुशाल आहे, पण 'दादाला मुद्दाम कळवायची गरज नाही' असं तिने बजावलं आहे, म्हणून मुद्दाम कळवतो.

आता मुद्द्यावर येतो, जरा वळसा घालून. तीन वर्षांपूर्वी नव्या घरात जागा नाही म्हणून तुम्ही तुमची मोटरसायकल आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलीत आणि 'हिला कुणी हात लावायचा नाही' असा दम भरलात. मग चहा पिताना आईने भंगाराचा सध्याचा भाव विचारला, आणि तुम्ही अर्धा कप तसाच ठेवून जे उठलात, ते आजतागायत या घराची पायरी चढला नाहीत. तुम्ही म्हणता, ती चूक कबूल करेल तेव्हा येईन. ती म्हणते, मी नुसता भाव विचारला. तुम्ही दोघं सख्खी भावंडं आहात याला आणखी पुरावा नको. पण मामा, खरं सांगतो, तुमच्याशिवाय या घरात करमत नाही. म्हणून मी ठरवलं, की गाडी दुरुस्त करायची आणि चालवत आणून तुमच्या दारात उभी करायची. म्हणजे तिच्यावर बसून, मला मागे घेऊन, तुम्हीच इकडे याल. ('कुणी'मध्ये भाचा धरत नाहीत, अशी माझी समजूत होती.)

माझी अक्कल तुम्हाला माहीत आहेच. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, हे मला अजून हवेत हात फिरवून आठवावं लागतं. तेव्हा मदतीला शाळेपासूनचा मित्र घेतला. त्याचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि सगळे त्याला घड्याळजीच म्हणतात. तो आला, डोळ्याला भिंग लावलं, इंजिनाला कान लावला आणि पाच मिनिटांनी गंभीरपणे म्हणाला की चालू नाहीये. (हे सांगायला भिंग लागत नाही, असं माझी बायको म्हणाली. तिला दुरुस्तीतलं काही कळत नाही, हा घड्याळजीचा शेरा. पुढे काय झालं ते पाहता तिला थोडंफार कळत असावं.)

तर घड्याळजीची पद्धत अशी. काढलेला प्रत्येक भाग पुसायचा, क्रमाने मांडायचा आणि त्यावर काहीतरी पालथं घालायचं, म्हणजे धूळ बसत नाही. दुकानात त्यासाठी काचेच्या टोप्या असतात. घरात वाट्या होत्या. दारापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने खोलीभर अडतीस वाट्या पालथ्या पडल्या. पिस्टनवर पातेलं, क्लचच्या चकत्यांवर डबा, आणि चाक परातीखाली मावेना तेव्हा दोन पराती. जाताजाता उत्साहाच्या भरात त्याने कोपऱ्यातलं आईचं शिलाई मशीनही उघडून पुसून दिलं. मी म्हटलं, भागांवर नावं लिहून चिठ्ठ्या ठेवू. तो म्हणाला, चिठ्ठी उडते, क्रम उडत नाही. पंधरा दिवस आम्ही आमटी कपात घेतली. एकदा मी सहज म्हणालो, हा क्रम बिघडला तर मामांशिवाय ही गाडी कुणाच्या बापाला जोडता येणार नाही. आई तेव्हा दारातच उभी होती. ती तशीच आत जाऊन भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन पाहतो, तर खोली लख्ख! अडतीस वाट्या घासूनपुसून फडताळात, आणि तुमची मोटरसायकल दोन बादल्यांत. आई म्हणाली, पाहुणे येणार होते, वाट्या लागणार होत्या. घड्याळजीने भिंग लावून दोन्ही बादल्यांत डोकावून पाहिलं. मला तर रडूच आलं, मामा, यात लपवण्यासारखं काही नाही. (पाहुणे आलेच नाहीत.)

तरी आम्ही हाय खाल्ली नाही. अंदाजाने जोडत गेलो. गाडी उभी राहिली आणि लांबून अगदी तुमचीच दिसते. फक्त ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो आणि हॉर्न दाबला की काहीच होत नाही. परवा किक मारली तेव्हा एकदाच मोठा आवाज झाला, खोली धुराने भरली, आणि शेजारचे निवृत्त मास्तर पाण्याची बादली घेऊन धावत आले. ती त्यांनी घड्याळजीवर ओतली. तेवढं सोडलं तर काम उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक (एक आज्ञा वगळून)
भाचा

ता. क. : यायची तसदी घ्या असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण कुठला भाग कशानंतर बसतो, याची एक आकृती काढून पाठवाल का? खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक : सगळं जोडून झाल्यावर एक बारीक स्प्रिंग उरली. पाकिटात घातली आहे. ती कुठली, तेही आकृतीत दाखवा. घड्याळजीच्या मते इंजिनाचा जीव तिच्यातच आहे.

दादा, पोराने हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. बंद असतं तरी वाचलं असतं. पाहुणे कुणी येणार नव्हते. वाट्या मी मुद्दाम उचलल्या. गाडी तुझ्या दारात नेली असती तर तू तिच्यावर बसून सगळीकडे फिरला असतास, पण इथे आला नसतास. माझाच भाऊ आहेस. आता तुझ्याशिवाय ती जोडणार कोण? भाव विचारला ते चुकलं माझं. आकृतीबिकृती काढत बसू नकोस. आणि ती स्प्रिंग तुझ्या गाडीची नाही, माझ्या शिलाई मशीनची आहे. महिनाभर मशीन का बंद आहे ते आज कळलं. तरी पाकिटात तशीच राहू देते. पोस्टाने परत पाठवू नकोस, हरवेल. स्वतः घेऊन ये.