लेलोने जाहीर केलेली चूक

तार्तू, मंगळवार

प्रिय बाबा,

धुरी दिलेली मासळी पोचली. तुमचा गुडघा कसा आहे?

गुप्त पत्रांवरची डिजिटल सही तपासणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये दोष निघाला. सहीनंतर परक्याने पत्रात ओळी घुसडल्या, तरी प्रोग्राम ‘सही खरी’ म्हणायचा. दोष शोधला माझ्या शेजारी बसणाऱ्या लेलोने, आणि प्रोग्रामचा तो भाग लिहिलाही तिनेच होता.

साहेब म्हणाले, “गुपचूप दुरुस्त कर.”

“आणि कोणी आधीच फसलं असेल तर? त्यांना कळायला नको?” लेलोने विचारलं.

दुरुस्ती देऊन तिने स्वतःच्या नावानिशी चूक जाहीर केली. काही गिऱ्हाइकं गेली. माझी नोकरी अजून आहे, आईला काळजी करू देऊ नका.

आज त्या निवेदनात लेलोच्या नावाखाली साहेबांनी आपलंही नाव घातलं.

तुम्हा दोघांना खूप प्रेम,
तुमची मारिका