रायभोगाची पुडी

आये, आज डब्यातला भात गार झाला होता आणि मी नकळत त्यातलं एक शीत अंगठ्याने ताटलीवर दाबून पाहिलं. हे तू मला कधी शिकवलं नाहीस. शिकवलंस ते तांदळाच्या जातींवर संशोधन करणाऱ्या त्या मुलीला, ती खोडाळ्याला आपल्या घरी आली तेव्हा. मी चुलीपाशी उभी आहे. तू तिचा अंगठा धरून शितावर टेकवतेस. "गरम असताना सगळाच भात मऊ, पोरी. गार झाला का बघायचा. आपला रायभोग सकाळपर्यंत मऊ रहतो." ती वहीत लिहून घेते. "मावशी, हा गुण दाण्यातल्या स्टार्चचा. जनुकात एका अक्षराचा फरक असला, तरी भात मऊ व्हायचा तो कडक होतो." तुला किती कळलं कोण जाणे, पण तिच्याकडे बघत म्हणालीस, "हिला कळतं." मग माझ्याकडे हनुवटी उडवलीस, "आमचे बायला काय, रेशनचा भात बी गोड लागतो." मी तेव्हा जव्हारच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होते. त्यातली एकही तू कधी वाचून दाखवायला सांगितली नव्हतीस.

कापणीआधी लोंब्या निवडून धुरावर टांगलेलं बी तू तिच्यासाठी पुडीत बांधलंस, आणि तिला एस.टी.पर्यंत पोचवायला मला धाडलंस.

काही महिन्यांनी तिचं पत्र आलं. तुला मीच वाचून दाखवलं. बियात दोन प्रकार मिसळलेत, काही दाण्यांचं जनुक मऊ भाताचं, काहींचं कडक भाताचं. "माझे बियात भेसळ?" एवढंच बोललीस. त्या वर्षी बी मागायला आलेल्या बायकांना दारातूनच परत पाठवलंस, "माझा बिघडला गं, दुसरीकडून न्या." पुढल्या कापणीला एकेक लोंबी वेगळी उखळात सडलीस, वाटीत वेगळी शिजवलीस, गार होऊ दिलीस. एकही कडक निघाली नाही. तरी पुन्हा कुणाला बी दिलं नाहीस.

आये, मागच्या कणगीत दुकानातून आणलेल्या बियाण्याचं भात होतं. निघताना त्यातलं मूठभर मी पुडीत मिसळलं. तुझं सगळंच्या सगळं तिला मिळू नये, इतकंच होतं मनात.

त्यानंतर तू आठ पावसाळे होतीस. सांगितलं नाही, कारण ऐकताक्षणी तू आधी तिला पत्र धाडायला लावलं असतंस, आणि ते मलाच लिहावं लागलं असतं.