पंचायतीने ठरवलेली झडप

दिग्रस, ४ ऑगस्ट २०२४

चि. जयास, बाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

यवतमाळच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आपण दोघी बहिणी एका बादलीत केस धुवायचो, आठवतं? डोळ्यात साबण गेला की तू ओरडायचीस आणि सिस्टर मलाच रागवायच्या. फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते.

माझ्या हृदयाची झडप अरुंद झालीय, बदलावी लागेल. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, माझ्यासारख्या शंभरांतल्या सत्त्याण्णव जणी नीट घरी जातात. मी उरलेल्या तिघींचाच विचार करत बसते. शिवाय झडपा दोन तऱ्हेच्या. धातूची खूप टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि रक्तस्रावाची भीती. दुसरी गाईच्या हृदयावरच्या पडद्याची. तिला गोळी बहुधा काही महिनेच, पण दहा-पंधरा वर्षांत ती खराब होऊ शकते. सासष्टाव्या वर्षी कोणती घ्यावी?

तुझ्या भाऊजींनी तांड्याच्या नायकांच्या कानावर घातलं आणि रिवाजाप्रमाणे पंचायत बसली. माझ्या हृदयावर! लोखंड मजबूत, लोखंडीच बसवा, असं ठरलं. फिरोज मेकॅनिक म्हणाला, काकू, इंजिनचे व्हॉल्व्हही झिजतात. याडी तर भडकलीच, आईच ती. आपले वाडवडील बैलांवर मीठ लादून जगले, अन् तू गाईच्या कातड्यावर जगशीन काय, म्हणाली. मला काही सुचत नाही.

तुझी गोंधळलेली,
पुष्पाबाई

मारेगाव, ९ ऑगस्ट

ती. बाईस सा. न.

पत्र वाचून हसले, मग रडले. पंचायतीला जन्मभराच्या गोळीचं सांगितलंस का? की मान डोलावून आलीस? गोळी चुकली तर धातूच्या झडपेवर गुठळी होऊ शकते म्हणतात, आणि तू चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस! ऑपरेशन मात्र टाळू नकोस. चार पायऱ्यांत तुला धाप लागते, मी पाहिलंय. तुझ्या वयाला कोणती बरी, हे डॉक्टरांनाच विचार.

तुझी धाकटी, म्हणूनच शहाणी,
जया

दिग्रस, १७ ऑगस्ट

चि. जयास आशीर्वाद.

डॉक्टरांना विचारलं. या वयात पडद्याची बरी, निर्णय मात्र तुमचा, म्हणाले. नायकांना गोळीचं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, हे आमाले कोनी सांगतलंच नाही, तुले पटते ते कर. गाईचीच घेतेय. अजूनही पुरतं उमजलेलं नाही, पण सही केली.

सोमवारी नागपूरला निघतोय. मी परत आले नाही तर पाटल्या सूनबाई नलूला. शिवणयंत्र फिरोजच्या लेकीला, जेबाला, तिचा हात चांगला आहे. आरशांचा घागरा तुला. पेटीत ठेवू नकोस, नेस. आणि याडीला सांग, लोखंडीच बसवली होती. नाहीतर पापानं लेक गेली म्हणत बसेल. परत आले, तर खरं काय ते मीच सांगेन.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बाई